खाली ठेला

मी माझी चार वर्षांची मुलगी मुक्ता भाजीबाजारात हरवली, आणि ती कुठे आहे हे कळल्यावर भलतीकडेच पळालो.

दोष अर्थात सासऱ्यांचा, म्हणजे मुक्ताच्या आबांचा. समोरच्याला काही शिकवल्याशिवाय ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही, असा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. नोकरीपायी मी पुण्याहून येऊन राजेंद्र नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो आणि मुक्ता त्यांच्या ताब्यात गेली. मी आणलेली रंगीत चित्रांची कार्डं त्यांनी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. शाळा घरभर सुरू झाली. धुतलेले मोजे म्हणजे जोड्या लावा, पोह्यांवरची शेव म्हणजे कमी-जास्त, मटारच्या शेंगा म्हणजे मोजणी. त्यामुळे आमच्याकडे मटारची उसळ जेवणं उरकल्यावर तयार होई. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांनी तिला आरतीच्या चालीवर पाठ करून दिला होता. गणपतीत तिने तो भर आरतीत खणखणीत म्हटला आणि शेजारच्या बायकांनी भक्तिभावाने टाळ्यांचा ठेका धरला. पण आबांचा आवडता धडा स्वयंपाकघरातला. मुक्ताने एकेक डबा बोटाने वाजवायचा आणि न उघडता ओरडायचं, "आबा, भरलेला!" नाहीतर, "आबा, खाली!"

"रिकामा म्हणायला शिकवा हो," मी एकदा म्हणालो. "मराठीत खाली म्हणजे जमिनीकडे."

"पुण्यात असेल. इंदुरात डब्बा खालीच असतो, भिया!"

जावयाला 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणणारे सासरेही इंदुरातच असतात.

त्या रविवारी आबांचा पाय मुरगळला होता. दर रविवारची बाजारातली शाळा बुडू नये म्हणून मुक्ताला या वेळी मी नेलं. आबा दारातून ओरडले, "जावईबापू, हात सोडू नका!"

मी हात सोडला. ऑफिसचा फोन आला, म्हणून तिला मोठे-छोटे बटाटे वेगळे करायला बसवलं आणि पाठ फिरवली. वळून बघतो तर बटाटे होते.

हाका मारल्या, त्या हॉर्नच्या आवाजात विरल्या. एका गुलाबी फ्रॉकमागे धावलो. पोरगी दुसऱ्याचीच निघाली. बाजाराला लागूनच मोठा रस्ता, आणि तिथे प्रत्येक ब्रेक करकचला की मी मान वळवून तिकडे बघत होतो. बायकोला काय सांगायचं, याचं पहिलं वाक्यसुद्धा जुळेना. तेवढ्यात आबांचा फोन.

"मुक्ता बोलली माझ्याशी, कोण्या बाईच्या मोबाइलवरून. खाली ठेल्यावर बसलीये. पळा!"

खाली! शेजारच्या इमारतीच्या तळघरात ठेलेवाले आपल्या हातगाड्या लावतात, हे मला ठाऊक होतं. जिना मी जवळजवळ पडतच उतरलो. अंधार, उभ्या ठेल्यांची रांग. प्रत्येकावर हात फिरवला, प्रत्येकाखाली वाकलो.

"साब, इधर कोई बच्ची नहीं आई," रखवालदार म्हणाला.

आबांना फोन लावला तर रेंज नाही. मुलगी इथे होती आणि आता नाही, म्हणजे कुणीतरी उचलून नेली.

कसाबसा वर आलो. बाजाराच्या मधोमध, माल संपलेल्या एका मोकळ्या ठेल्यावर, मुक्ता पाय हलवत बसली होती. ठेल्याला टेकून, एका पायावर, रिक्षाने येऊन पोचलेले आबा. "हरवलीस तर खाली ठेल्यावर चढून बस, म्हणजे लांबून दिसशील," हे त्यांनी तिला केव्हाच शिकवून ठेवलं होतं. ती खरंच अख्ख्या बाजाराला दिसत होती. तळघरातून तेवढी दिसत नव्हती.

मी तिला छातीशी धरलं, तरी आबांच्या मुठीतलं फ्रॉकचं टोक सुटेना. माझ्याकडे एकदा बघून ते दुसऱ्या हाताने तिच्या फ्रॉकवरची माती झटकू लागले. मला शिकवण्यासारखं इतकं काही समोर असताना आबांनी धडा सोडून दिला, असं पहिल्यांदाच घडलं. उन्हाळा संपला की ती खऱ्या शाळेत जाईल. मग ही मूठ सकाळभर काय धरून बसेल, असं उगीच मनात आलं.

"बाबा कुठे होता?" मुक्ताने विचारलं.

"तळघरात," आबा म्हणाले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या कपाळावर बोटाने दोनदा टकटक केली, कान लावला आणि बाजारभर ऐकू जाईल असं ओरडली,

"आबा, खाली!"