सरांच्या कॉम्प्युटरचं टोपण

खोटं बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, आणि भल्यासाठी खोटं बोलणाऱ्याचा तर जास्तच. कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही. वडवणीत बस स्टँडाच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर लोकांची मशिनं उघडायची, आतली धूळ काढायची आणि "लाईटीनं उडालंय" हे एकच वाक्य पंचवीस जणांना सांगायचं, हा माझा धंदा. तोंड माझं फाटकंच आहे, बायकोही तेच म्हणते. पण गहिनीनाथ सरांबद्दल सांगायचं तर मला दमानं घ्यावं लागतं.

सरांचा टायपिंगचा क्लास होता. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. मीही तिथंच शिकलो. सर आमच्या हातांवर एक लाकडी पेटी उपडी ठेवायचे, म्हणजे बोटं आत आणि कळा झाकलेल्या. कुणी पेटी उचलून डोकावला की पट्टी बसलीच. "कळांकडं बघायचं नाही," ते म्हणायचे, "ते बोटांचं काम आहे. डोळ्यांची तिथं गरज नाही." अक्षर चुकलेलं त्यांना मशीनच्या आवाजावरून कळायचं. आम्ही मागं त्यांना लई शिव्या घालायचो.

पुढं कॉम्प्युटर आले, टायपिंगची मशिनं भंगारात गेली, क्लास बंद पडला. सरांनी घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागले. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. त्यानंतर हे माणूस भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडलं ते पडलंच. सिंधुकाकूंनी ताट पुढं ठेवायचं आणि थोड्या वेळानं तसंच उचलून न्यायचं. मूलबाळ नाही. एक दिवस काकू दुकानात येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सिद्धू, काई तरी कर बाबा. असंच चाललं तर हे माणूस हाती लागायचं न्हाई."

मी म्हणालो, "काकू, टायपिंगला डोळे लागत नाहीत हे त्यांनीच आमाला बडवून शिकवलंय. आता त्यांनाच सांगतो."

गेलो. सरांना उठवून खुर्चीवर बसवलं, बोटं कळांवर ठेवली. बोटं लगेच आपापल्या जागी गेली. पण कॉम्प्युटरचा पडदा कधीचा जळून गेलेला होता. मी म्हणालो, "सर, एक जुना मॉनिटर आणून लावतो."

"कुणासाठी?" सर म्हणाले. "बघणार कोण आहे?"

बरोबर होतं. पण ते मशीन मोठं हट्टी. समोर पडदा नाही असं कळलं की नुसतं पिपाणी वाजवायचं आणि तिथंच अडून बसायचं, पुढं सरकायचंच नाही. त्यावर एक औषध असतं. अंगठ्याच्या पेराएवढं काळं टोपण, त्याला ना वायर ना काही. मागं जिथं पडद्याची वायर खोचतात तिथं ते खोचायचं. मशीनला वाटतं पडदा लागलाय, समोर सगळं दिसतंय. मग ते निमूट चालू होतं. शहरात खोल्या भरून कॉम्प्युटर असेच बिनपडद्याचे चालतात. मी एक टोपण आणून खोचलं. मशीन चालू केलं की कोरं पान आपोआप उघडेल, दोन कळा दाबल्या की छापून बाहेर येईल, अशी सोय करून दिली. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाईपण आत घालून दिली होती, पण तिचे उच्चार ऐकून सर भडकले. "ही बया माझं मराठी नासवील, हिला आधी बाहेर काढ." काढली. तिच्याबरोबर स्पीकरही काढून दुकानात परत नेला.

आणि माणूस उठलं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसायला लागलं. पैसे घ्यायचे नाहीत असं सरांनी ठरवलं होतं, फक्त काम आणा म्हणायचे. काकूंनी सांगितलं, भाकरी दोन्ही वेळची जाते आता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, स्वतःच्या अकलेचं कौतुकही वाटलं.

पण काम कुठून येणार? मोबाईलवर सगळं व्हायला लागलंय. स्टँडवर ऑनलाइनवाल्यांची दुकानं झालीत. आंधळ्या माणसाकडून अर्ज कोण लिहून घेतो? तरी सरांकडं माणसं यायची. त्यातही समोरच्या पिठाच्या गिरणीवाला बंकट फार यायचा. कधी साडूचा अर्ज, कधी गिरणीत दळण घेऊन आलेल्या म्हातारीचा, कधी गल्लीतल्या नालीचा. मी एकदा त्याला हटकलं, "बंकट, तुला एवढे अर्ज कशाला लागतात रे? मंत्री होणार हायस का?" त्यानं मान खाली घातली आणि गिरणीचा पट्टा चढवायला लागला.

ते कोडं मला सरांच्या मागच्या दारात सुटलं. प्रिंटरची शाई भरायला गेलो होतो, मागच्या अंगणात हात धुवायला गेलो, तर काकू पाणी तापवायचा बंब पेटवत होत्या. हातात कागद. वरती लिहिलेलं, नालीबाबत अर्ज. खाली सरांचं ते सरळ रेघेत बसणारं टायपिंग. काकू एकेक कागद चुरगाळून बंबात घालत होत्या.

"काकू?"

त्या दचकल्या नाहीत. थकल्यासारख्या बोलल्या. "पयले महिना-दोन महिने खरी माणसं आली. मग कुणीच यीना. हे दिवसभर खुर्चीत बसून दाराकडं कान लावायचे. मग म्याच बंकटला हाताशी धरलं. त्याच्याकडनं आनखी दोघा-चौघांला. ते समोरून कागद घेऊन जातात आन मागून मला आणून देतात." मग म्हणाल्या, "फेकायला जीव होत न्हाई. म्हणून पाणी तापवते. त्यांच्याच अंघोळीला लागतंय की."

मी चिडलो. म्हणालो, "काकू, हे बरं न्हाई. सरांना फसवताय तुमी."

"मग तू सांग त्यांला," काकू म्हणाल्या. "जा, आत बसलेत. सांग."

मी सांगितलं नाही. चप्पल घालून दुकानात आलो.

पुढचं झालं ते खंडेनवमीला. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात. शेतकरी पाभर पुजतो, बंकट गिरणी पुजतो, मी पाने-पकडी मांडून फुलं वाहतो. सरांच्या क्लासात तर त्या दिवशी मोठा थाट असायचा. सगळी मशिनं तेलपाणी करून ओळीनं मांडायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पोरांना पेढा मिळायचा. आता एकच मशीन उरलेलं. काकूंनी ते बंद करून फडक्यानं नीट पुसलं. मागून पुसताना ते टोपण हाताला लागलं. वायर नाही, काही नाही, म्हणजे झाकणच असणार. काढलं, तेही पुसलं, हळदीकुंकू लावून देवघरात पाटावर ठेवलं, वर झेंडूचं फूल वाहिलं. दसरा झाला. आणि ते टोपण फुलाखाली तसंच राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मशीनचं बटण दाबलं आणि त्या भाजीला बाजारात गेल्या. मशीनचा पंखा सुरू झाला. पिपाणी वाजवायला स्पीकरच नव्हता, त्यामुळं मशीन अडलंय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. बंकट आला. त्यानं गिरणीवरच्या लाईटीच्या खांबाबद्दल अर्ज सांगितला. सरांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत टाईप केला. छापायच्या कळा दाबल्या. प्रिंटर गप्प.

आता बंकटनं तोंड उघडून "सर, छापलं न्हाई" एवढं म्हणायला काय हरकत होती? पण त्याला काकूंनी शिकवलेलं एकच, काही झालं तरी चांगलंच म्हणायचं. त्याला वाटलं प्रिंटर अडकला, आंधळ्या माणसाला कशाला त्रास द्या, कागद तर शेवटी बंबातच जायचाय. त्यानं बाजूच्या गठ्ठ्यातलं एक कोरं पान उचललं. म्हणाला, "लई झकास छापलं बघा, सर."

सरांचे हात कळांवरच होते. ते म्हणाले, "वाच बरं एकदा."

आणि त्या बंकटनं कोऱ्या कागदावरून वाचून दाखवलं. मघा जे सांगितलं होतं त्यातलं आठवेल ते, उरलेलं मनानं घालून. विषयासकट, 'आपला नम्र'सकट. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "ठीक आहे. जा."

हे मला सरांनीच सांगितलं. काकू बाजारातून आल्या तर सर म्हणाले, मशीन बंद पडलंय, सिद्धेश्वरला बोलाव. मी गेलो. मागं हात घातला तर टोपण नाही. काकूंना विचारलं, त्यांनी जीभ चावली आणि देवघराकडं धावल्या. हळदीनं पिवळं झालेलं ते टोपण मी शर्टाला पुसलं आणि खोचलं. मशीन चालू झालं. काकू हायसं वाटून चहा टाकायला आत गेल्या.

सरांनी विचारलं, "काय झालं होतं त्याला?" मी सांगितलं. टोपण म्हणजे काय, ते काय करतं, सगळं सांगितलं. इतके दिवस ते त्यांना नीट ठाऊकच नव्हतं.

"म्हणजे समोर कोणीतरी आहे असं त्याला वाटायला पाहिजे," सर म्हणाले. "मगच ते काम करतं."

"व्हय, सर."

मग त्यांनी हळू आवाजात बंकटचा किस्सा सांगितला. सांगताना हसले, आणि ते हसणं मला बघवलं नाही. म्हणाले, "कोऱ्या कागदावर वाचायला जो राजी होतो, त्याला कागदाची गरज कधीच नव्हती. आधीचेही सगळे तसलेच असणार. तुला माहीत होतं?"

मी मागच्या वायरी उगीच सारख्या करायला लागलो. त्यांना काय ते कळलं.

"सर, मी काकूंना सांगतो, बास करा म्हणून. तुमी कशाला उगीच..."

"खबरदार," सर म्हणाले. त्या एका शब्दात मला पट्टी आठवली. मग त्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. आत कपबश्यांचा आवाज येत होता. "ती सकाळी उठल्यापासून विचार करते, आज कुणाला आणायचं, त्याला काय सांगायला लावायचं. माझी नजर गेल्यावर तिच्या हाताला दुसरं काय काम राहिलंय? माझं काम गेलं ते गेलं, सिद्धेश्वर. तिचं जाऊ नये. मला कळलंय हे तिला कळता कामा नये."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी उठून ते मशीन रस्त्यावर फेकून द्यावंसंही वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. ती त्याच्यासाठी खोटं बोलते, तो तिच्यासाठी खोटं ऐकतो, आणि दोन्ही खोटी सांभाळायची मी. चहा घेतला. साखर जास्त झाली होती, तरी काही बोललो नाही.

तेव्हापासून असंच चाललंय. सर रोज बसतात, माणसं येतात, प्रिंटर वाजतो, मागच्या दारी बंब पेटतो. मात्र सर पुन्हा पूर्वीसारखे जेवत नाहीत. काकू म्हणतात, वय झालं. मी हो म्हणतो.

परवा काकू भर दुपारी दुकानात आल्या. बंकट बायकोच्या माहेरी नेकनूरला गेलता, आणि बाकीचे कुणी कापसाला, कुणी लग्नाला. "सकाळपासून कुणीच न्हाई रे," त्या म्हणाल्या. "दाराकडं कान लावून बसलेत. आजच्या दिवस तू बस ना त्यांच्यापुढं. आवाज बदलून बोल जरा."

मी म्हणालो, "काकू, मला हे जमायचं न्हाई."

त्या पदरानं काउंटरवरची धूळ पुसत उभ्या राहिल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या मागं निघालो.

खोलीत जाऊन स्टुलावर बसलो. सरांनी माझ्या चपलेच्या आवाजावरूनच मला ओळखलं असणार, त्यांच्या कपाळावरची आठी जरा हलली. पण ते मोठ्यानं म्हणाले, "या. बसा. काय लिहायचंय?"

सर माझ्याकडं झुकले आणि कुजबुजले, "बोल काहीतरी. ती दाराआड उभी आहे."

मग जे तोंडात आलं ते मी बोललो. "विषय, वडवणी इथला टायपिंगचा क्लास पुन्हा चालू करण्याबाबत."

त्यांची बोटं थांबली. मग बोटं पुन्हा चालायला लागली, आणि मी सांगत गेलो, की गावात चांगलं मराठी टाईप करणारं कुणी उरलं नाही, की पोरांना शिस्त लावणारा मास्तर पाहिजे, की आम्ही जुने विद्यार्थी फी भरायला तयार आहोत. प्रिंटर वाजला. पान बाहेर आलं. सर म्हणाले, "वाचून घ्या. चूक नसावी."

मी वाचलं. काना-मात्रेची एकही चूक नव्हती.

"बरोबर हाय, सर," मी म्हणालो, आणि माझा आवाज बदलायची गरज पडली नाही, तो आपोआपच बदलला होता.

मी कागद घेऊन समोरून बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. काकू तिथं उभ्याच होत्या. चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "बघितलंस का, कसे भराभर लिहीत होते आज. आज जेवतील बघ." मग त्यांनी हात पुढं केला. "दे तो कागद. उद्याच्या पाण्याला व्हईल."

मी दिला.