ढवळलं होतं का?

भेसळ पकडणाऱ्या खात्यात त्याची अर्धी हयात गेली, पण कोर्टातले वकील त्याला पाठीमागे ‘निर्दोषराव’च म्हणायचे. कारण साधं. त्यानं पकडलेला प्रत्येक माणूस शेवटी निर्दोष सुटायचा. कधी बाटलीवरच्या सीलचा ठसा पुसट, कधी साक्षीदाराची सहीच राहिलेली. भेसळ डोळ्यांना दिसायची, पण नमुना नियमानं घेतलेला नसला तर न्यायाधीश तरी काय करणार, कपाळ?

तेही त्यानं पचवलं असतं हो. पण बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे सख्खा साडू, त्याच खात्यात मागाहून चिकटला आणि त्याचा एकही खटला पडेना. झालं! घरात उठता-बसता तेच पुराण. “धाकटीच्या ह्यांचं बघा जरा!” साडूनं नवा शर्ट घातला तरी याच्या पोटात दुखायचं. त्यात वरच्या जागेसाठी दोघांचीही नावं गेलेली, आणि साडूचा एका दूधवाल्यावरचा खटला तेवढा निकालाचा राहिलेला. तो जिंकला की खुर्ची साडूची.

त्या दूधवाल्याच्या दुकानावर दोघं बरोबरच गेले होते. दुधाची कॅन सकाळपासून उभी, वर साय धरलेली. अशा वेळी दूध पार तळापासून ढवळायचं आणि मगच नमुना घ्यायचा, नाहीतर दाट दूध वर राहतं आणि मापात येतं खालचं पातळ. साडू बाटल्या पुसता पुसता सहज म्हणाला, “दादा, तेवढं ढवळता का?”

तेवढं ढवळता का! काल आलेल्यानं माझ्या हातात पळी द्यावी? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. रागारागानं त्यानं पळी वरच्यावर फिरवल्यासारखी केली आणि म्हणाला, “घे.” साडूनं विश्वासानं माप खोल बुडवलं, बाटल्या भरल्या, लाखेनं सील केल्या. तपासणीत दूध पातळ निघालं.

कोर्टात दूधवाल्याच्या वकिलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. “साहेब, तुम्ही हजर होतात. नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं होतं का?”

साडूचा खटला पडायची किती वाट बघितली होती यानं! घसा खाकरून म्हणाला, “नीट नाही. वरवर.”

“कोणी ढवळलं?”

“नमुना त्यांचा होता,” असं म्हणून त्यानं साडूकडे बोट केलं. खोटं नव्हतं ते, पण खरं तरी कुठं होतं?

साडूला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. आता हा तोंड उघडणार आणि सगळं माझ्या गळ्यात येणार! साडूनं याच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “नमुना मी घेतला. ढवळून झालंय की नाही, हे बघायचं काम माझंच. चूक माझी.”

दूधवाला सुटला. वरची जागा साडूच्या हातून गेली. पण बाहेर आल्यावर वकील काय, कारकून काय, शिपाई काय, सगळे साडूभोवती. “याला म्हणतात माणूस!” इतके खटले पडले, पण निर्दोषरावाच्या पाठीवर कधी कुणी हात ठेवला नव्हता.

घरी पोचेपर्यंत बहिणी-बहिणींचा फोन होऊन गेला होता. “चूक कबूल करायला छाती लागते हो,” बायको चहा गाळत म्हणाली. “येरागबाळ्याचं काम नाही ते.”

याला राहवेना. मेली ती चूक तरी त्याची कुठं होती? “अगं, ती चूक माझी होती. पळी माझ्या हातात होती.”

बायको एकदम हसत सुटली. “पुरे हो! आता त्यांच्या चुकीवरही डोळा का?”