गोळ्या घट्ट होईपर्यंत

गोव्यातल्या सर्वण गावच्या सत्यवतीच्या तोंडाला लागायची हिंमत गावात कोणाची नव्हती, आणि दिवाळीच्या आठवड्यात तर कोणी तिच्या वाटेलाही जात नसे. पाऊस सरला की खाणी सुरू होत आणि सत्यवतीचं डोकंही त्याच दिवसापासून तापायला लागे. खनिजाचे ट्रक तिच्या दारावरून धावत. तांबडी धूळ तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकून ठेवलेल्या भातावरसुद्धा. पण ती खरी पेटून उठायची ती गोळ्यांसाठी.

दिवाळीला दुधाच्या गोळ्या करायच्या, ही तिच्या आईची रीत. साखर कढईत तांबूस होईपर्यंत जाळायची, कडू व्हायच्या आत दूध नि लोणी ओतायचं, खांदा मोडेपर्यंत ढवळायचं आणि तूप लावलेल्या ताटात ओतून बाहेर सोप्यावर निवत ठेवायचं. झाकायचं मात्र नाही. झाकलं की वाफ धरते नि गोळ्या चिकटच राहतात. आणि उघडं ठेवावं तर वर तांबडा थर! घरात ठेवून, दारं-जनेलं लावून पाहिली, तर धूळ छपराच्या नळ्यांतून उतरली. वर्षानुवर्षं हेच. नवरा गोकुळदास म्हणे, "फुंकून उडय गो!" पाकावर बसलेली धूळ फुंकून उडते म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार, कपाळ!

गोवा राज्य झालं त्या वर्षी ती जास्तच भडकली होती. नात प्रतीक्षा पाच वर्षांची झाली होती, आणि आपल्या आईच्या हातची गोळी कशी लागायची ते या पोरीला एकदा तरी कळावं, एवढाच तिचा हट्ट होता. पोरीचा बाप गौरेश, म्हणजे सत्यवतीचा मुलगा, गावातल्या ट्रकवाल्यांचा पुढारी. यंदा धूळ दबायला रस्त्यावर पाणी मारू, असं तो दर दसऱ्याला छाती ठोकून सांगे. आजवर एक थेंब पडला नव्हता.

कढई उतरवून, ताट भरून सोप्यावर ठेवून ती तडक अंगणात आली. गौरेश जेवून हात पुसत होता, त्याचा ट्रक दारातच होता.

"ट्रक रस्त्यार आडवो घाल," ती म्हणाली.

"आई गे, तुका पिशें लागलां?"

"गोळ्यो घट जाय मेरेन. ना जाल्यार हांव आडवी पडटां."

ती पडली असती. गौरेशला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने ट्रक आडवा लावला.

मग काय विचारता! दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग, भोंगे, शिव्या. गोकुळदास परसात गेला तो परत आलाच नाही. बेळगावकडचा एक ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मावशी, आमच्या फेऱ्या बुडत्यात की."

"तुजेर राग ना रे पुता. पूण आज रावपाचें," ती म्हणाली आणि पदर खोचून रस्त्यातच उभी राहिली. गौरेश मान खाली घालून सोप्यावर बसला.

हळूहळू धूळ खाली बसली. ताट उघडं होतं आणि त्याच्यावर काही पडत नव्हतं. गोळ्या निवल्या. सत्यवतीने सुरीने वड्या पाडल्या, मधाच्या रंगाच्या, स्वच्छ. तिचे डोळे भरून आले. पहिली गोळी तिने प्रतीक्षाच्या तोंडात घातली. सुटलो एकदाचे म्हणून गौरेश चावी घेऊन उठला.

पोरीने चघळली, चावली आणि तोंड वाकडं केलं.

"आजये, ही बरी ना. करकर करिना."

क्षणभर सत्यवतीला कळेचना. मग कळलं. जन्मल्यापासून खाल्लेल्या प्रत्येक गोळीत या पोरीच्या दातांखाली माती करकरली होती, आणि गोळी म्हणजे तेच असं ती समजून बसली होती. सत्यवतीचा राग मस्तकात गेला. पायऱ्या उतरणाऱ्या गौरेशला गाठून तिने त्याच्या हातातली चावी हिसकावली आणि कमरेला खोचली.

"आई, गोळ्यो घट जाल्यो न्ही गे?" तो काकुळतीला आला.

"जांव दी," ती म्हणाली. "पयलीं रस्त्यार उदक मार. मागीर चावी."