बदरुद्दीनचा पहिला घास

आम्ही मंगरूळपीरला राहायला आलो त्या दिवशी गाडीतलं सामान उतरवायला सगळ्यांत आधी जो माणूस धावला तो आमच्या ओळखीचा नव्हता. त्यानं विचारलंही नाही. आईची पिठाची कोठी डोक्यावर घेतली, ओट्यावर ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, "बाजूलेच राह्यतो मी. बदरुद्दीन कलईवाला. आज तुमची चूल मांडाची हाय, तं जेवण आमच्याइथून येईन." मग त्याला आम्ही कोण आणि तो कोण ते आठवलं असावं. "नाईतं असं करू," तो म्हणाला, "चूल मी मांडून देतो, सैपाक बाई करतीन, आन् जेवाले मी येतो."

आणि खरंच आला. ही गोष्ट एकेचाळीस सालची. आईनं त्याला ओट्यावर वाढलं. शिवाशिवीच्या बाबतीत ती पक्की होती. त्याच्यासाठी वेगळं ताट तिनं बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं. ते तो स्वतःच राखेनं घासायचा. भांडं घासण्यात त्याचा हात कोण धरणार? सहा महिन्यांत आमच्या घरातलं सर्वांत चकचकीत ताट तेच झालं, आणि बाबा, म्हणजे शाळेतले गुरुजी, आपल्या मळकट ताटावरून अधूनमधून त्याच्याकडे हेव्यानं बघत. त्या ताटात चाचा, मी बदरुद्दीनला चाचाच म्हणायचो, शेवटचं कधी जेवला ते मला पक्कं आठवतं. त्रेचाळीसच्या होळीच्या चार दिवस आधी. वांग्याची भाजी होती.

चाचाचं काम तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, म्हणजे त्यात धातूचं विष उतरतं. म्हणून आतून कथलाचा पातळ लेप द्यायचा, तीच कलई. भांडं निखाऱ्यांवर लाल करायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धुरानं डोळे झोंबायला लागले की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरकन फिरवायची. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीचं होतं. चाचाच्या लहानपणी मालेगावकडच्या एका गावात कळकलेली कढी खाऊन दोन पोरं दगावली. कलई दुसऱ्या कोणाची होती, पण गावानं भांडं दाखवायला चाचाच्या बापाला बोलावलं. ते भांडं पाहून आल्यावर बापानं घराण्याला नेम लावून दिला: मोठ्या भांड्याला कलई केली की त्यात शिजलेला पहिला घास कलईवाल्यानं खायचा. सगळ्यांसमोर. मग बाकीच्यांनी.

"हमी तं हमी, वरून जेवणाची सोय," असं मी म्हणायचो.

"फायनलसाहेब," चाचा म्हणायचा, कारण मी सातवी फायनल पास होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो, "तुह्या परीक्षेत नापास झालं तं पुढच्या साली बसता येते. माह्या परीक्षेत नाई येत."

त्याची बायको जैतुनबी दारातून म्हणायची, "घरचा घास कवा खातीन, ते बी कोणी परीक्षेत इचारा." चाचाच्या घरी चूल पेटायची ती तिच्या एकटीपुरती.

मला रिकामपण होतं आणि त्याला एकट्यानं चालायचा कंटाळा. "चाल, शेलूबाजारात एक हंडा पाहून येऊ," म्हणून आम्ही सकाळी निघायचो आणि तिसऱ्या दिवशी भलत्याच गावाहून परत यायचो, कारण वाटेत कोणी तरी हुरड्याला बोलावलेलं असायचं. असंच एकदा नाल्यात एक गाडी फसलेली दिसली. चाचा धोतर खोचून चिखलात उतरला, मागून मीही उतरलो. गाडी निघाली. गाडीवान पलीकडच्या तांड्याचा नाईक, भाऊसिंग. तो म्हणाला, "आता जेवल्याबिगर जाऊ देत नाई." भाऊसिंगच्या बायकोनं, रामीबाईनं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा असा वाढला की चाचाच्या दाढीतून घाम गळाला. त्या दिवसापासून आमचा महिन्याला एक फेरा तांड्यावर ठरलेला. बदरूभाई आला की पोरं वाट्या घेऊन धावायची आणि तो फुकट घासून द्यायचा.

मग बेचाळीसमध्ये जपान्यांनी मलाया घेतला. बाबांनी पेपर वाचून दाखवला. चाचा म्हणाला, "घेऊ द्या. आपल्याले काय."

"चाचा, कथील तिथूनच येते," मी सांगितलं.

त्यानं पेटीतली कथलाची कांडी काढून हातावर तोलली. मग म्हणाला, "जपानले आपल्या भांड्याचं काय वाकडं?"

दिवाळीपर्यंत बाजारातून कथील नाहीसं झालं. अकोल्याला दोन फेऱ्या मारून तो रिकाम्या हातानं आला. आमच्या ओट्यावर जेवताना त्याच्या गोष्टी कमी झाल्या. तरी त्याची भट्टी अधूनमधून पेटलेली दिसायची आणि बाया हसत, चकचकीत भांडी घेऊन घरी जायच्या. कथील नाही तर हा लावतो काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

होळीच्या तीन दिवस आधी भाऊसिंग तांड्याचा मोठा तांब्याचा हंडा गाडीत घालून आला. त्याला नातू झाला होता. वर्षभरात ज्या घरी पोरगा झाला त्या घरानं होळीला धुंड करायची, म्हणजे बारशासारखा सण करून साऱ्या तांड्याला जेवू घालायचं, अशी त्यांची रीत. जुनी कलई उडून हंडा आतून पार लाल झाला होता.

"भाऊसिंग, कथील नाई," चाचा म्हणाला.

"तुह्याजवळ नाई असं व्हते का?" भाऊसिंग हसला. "लोकायची भांडे करून राह्यला, आन् माह्या नातवाच्या वक्ती नाई म्हंते."

चाचानं मान खाली घातली. "काय शिजवसान त्याच्यात?"

"लापशी. गूळ टाकून."

"गोडच ना?"

"धुंडीले आंबट कोण करते?"

गोडानं भांडं कळकत नाही. चाचानं पेटीतून कथलाचा अंगठ्याएवढा तुकडा काढला. शेवटचा. मी शेजारी बसून बघत होतो. हंड्याच्या तोंडाला आणि काठाला त्यानं लेप दाट दिला. खाली, जिथं गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही, तिथं बोळा नुसताच फिरवला. मी वाकून बघितलं तर तळ तांबूस दिसला.

"खाली धूर बसला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

भाऊसिंगनं काठावरून बोट फिरवलं, खूश झाला, हंडा घेऊन गेला.

धुंडीच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. चाचा एरवी वाटेत दहा माणसांना थांबवतो. त्या दिवशी कोणाला रामराम घातला नाही की सलाम. नाल्याजवळ त्यानं मला विचारलं, "लापशीच म्हणे ना तो?" "हो," मी म्हणालो. शेंदराच्या दगडाजवळ पुन्हा विचारलं.

तांड्यावर साठ-सत्तर माणसं जमली होती. डफ वाजत होता. हंडा फडकं बांधून बाभळीखाली ठेवला होता. रामीबाई म्हणाली, "ये बदरूभाई. पोरायच्या पोटात कावळे ओरडून राह्यले, पण तुही जीभ लागल्याबिगर कोणाले हात नाई लावू देला."

"लापशी झाली?"

"कायची लापशी? गूळ कुठं हाय बजारात? आंबील केली. काल सांजेपासून ताकात पीठ भिजू घातलं, त्याच हंड्यात. एवढी आंबील मडक्यात मावते का? तुह्या हातची कलई हाय, तवा म्हटलं भेव कायचं."

ताक, रात्रभर, त्या तळावर. मी चाचाकडे बघितलं. त्याचा चेहरा नवसागराच्या धुरात दिसतो तसा झाला होता.

त्याला एवढंच म्हणायचं होतं की हे कोणी खाऊ नका. पण म्हणायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं. आणि दुष्काळी दरानं मिळालेली साऱ्या तांड्याची ज्वारी त्या हंड्यात होती. मलाही बोलता आलं असतं. कळकण्यावर वर्गात मला दहा ओळी लिहिता आल्या असत्या. मी चपलेनं माती उकरत बसलो.

रामीबाईनं पळसाचा द्रोण भरून त्याच्या हातात दिला. डफ थांबला. चाचा प्याला. ओठ पुसले.

"कशी हाय?"

"थांब, समजलं नाई. अजून दे."

दुसरा द्रोण प्याला. लोक हसले. तिसरा मागितला. भाऊसिंग म्हणाला, "आपल्याले ठेवते का नाई हा?" आणखी हशा. चौथ्या द्रोणाला मला कळलं तो काय करतोय ते. जे त्याला तोंडानं सांगवत नव्हतं ते तो पोटाकडून वदवून घेत होता, आणि पोटानं लवकर सांगावं म्हणून पीत होता.

पाचवा संपवून तो बाभळीला टेकला. "आता उलीसक थांबा," तो म्हणाला. "माह्या बापाचा नेम हाय. पहिला घास जिरू द्याचा."

असा नेम नव्हता. पण तांडा थांबला. पोरं वाट्या वाजवू लागली. ऊन चढत होतं. चाचाच्या कपाळावर घाम दिसला, मग ओठ पांढरे झाले, पण तो ताठ बसून राहिला. वेळ जाईना. रामीबाईचा धीर सुटला. "जिरलं असीन आता," म्हणत तिनं हंड्यात पळी घातली. भाऊसिंगची सून हिरीबाई पोराला घेऊन पुढं आली. बाळाच्या जिभेला उष्टावण लावायचं म्हणून तिनं पळीत करंगळी बुडवली.

चाचा उठला. हात वर केला, तोंड उघडलं, आणि शब्दाच्या जागी आंबील बाहेर आली. हिरवट. तो गुडघ्यांवर पडला आणि ओकतच राहिला.

हिरीबाईची करंगळी बाळाच्या ओठांपासून चार बोटांवर थांबली. मग तिनं ती लुगड्याला पुसली, पुन्हा पुसली, पुसतच राहिली.

भाऊसिंगनं दोन माणसांना हाक मारली. हंडा आडवा केला. सारी आंबील मातीत गेली. त्यानं आत डोकं घालून तळावर अंगठा घासला आणि अंगठा उजेडात धरून बघितला. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कुत्री येऊ नयेत म्हणून बायांनी त्या आंबिलीवर माती लोटली, आणि रामीबाई खाली बसून रडली, मेलेल्या माणसासाठी रडतात तशी.

भाऊसिंगनं स्वतः गाडी जुंपून आम्हाला मंगरूळला आणलं. दारात उतरवताना मला म्हणाला, "गावात सांगजो, ऊन लागलं." मी तसंच सांगितलं. आईलाही.

पाच दिवस चाचा नुसता ओकत होता आणि कण्हत होता. सहाव्या दिवशी भिंतीला टेकून बसला. त्याच सकाळी भाऊसिंग आला. जैतुनबीनं पाणी पुढं केलं, त्यानं तांब्याला हात लावला नाही.

"बदरू," तो म्हणाला. भाई नव्हतं. "प्याच्या आंधी तुले मालूम होतं?"

"हंडा हातात घेतला तवापासून."

"मंग पिऊन काहून सांगतलं? तोंडानं काहून नाई?"

"जमलं नाई."

भाऊसिंग जमिनीकडे बघत होता. "माह्या नातवाचं मी पाह्यलं. बाकीच्यायचं काय? असे अजून किती भांडे हायत गावात?"

जैतुनबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "अकरा," ती म्हणाली. "दिवाळीपासून मी मोजून राह्यली."

भाऊसिंग उठला आणि गेला. तांड्यावर ये असंही म्हणाला नाही, येऊ नको असंही नाही.

चाचानं काठी मागितली. "चाल फायनल," तो म्हणाला. साहेब तोही विसरला होता.

दोन पावलं टाकली की तो थांबायचा. पहिलं घर शफीक शिंप्याचं. "डेगचीत आंबट ठेवू नका, कलई खोटी हाय," तो म्हणाला. शफीकच्या बायकोला आधी ते ऐकूच येईना, मग तिनं डेगची आणून त्याच्या पायांशी टाकली. दुसऱ्या घरी दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी लतीफा म्हणाली, माझी पोरगी परवापासून उलट्या करते. चाचा तिथं काठीवर वाकला. तिनं विचारलं, "उन्हाची असतीन ना?" तो म्हणाला, "नाई. भांड्याची हायत."

सहा घरं झाली. मग आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. मला वाटलं थकला, घरी चालला. तो आमच्या ओट्याखाली थांबला. वर चढला नाही.

"बाई," त्यानं हाक दिली. "पूस महिन्यात तुमचं पितळी पातेलं मीच केलं. त्याच्यात आज काय हाय?"

आतून आई म्हणाली, "कढी. काहून?"

"सांडून द्या. त्याले कलई नाई. वरून वरून चमकवलं मी."

आत वाटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि बाबा पाटावरून उठले. मी ओट्यावर चढलो, पण माझे पाय दाराशीच थांबले. बाबा मोरीत वाकले होते आणि घशात बोटं घालत होते. आई मला म्हणाली, "तुले मालूम होतं?"

मी मागं वळून बघितलं. चाचा पुढच्या दाराकडे निघाला होता. अजून चार घरं राहिली होती, आणि गावात जेवणाची वेळ झाली होती.