चोरखिशाचा कोट

विलायतेत माझा खिसा एकदाही कापला गेला नाही. बरोबरच्या शहाण्यासुरत्या पोरींच्या पर्स गेल्या, घड्याळं गेली, पण माझ्या खिशाला कुणाचं बोट लागलं नाही. लोक म्हणतात, हुशार आहेस हो! हुशार कसली, बाप्पा! जाण्याआधीच्या आठवड्यात आमचं सबंध घरच चोर झालं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी अमरावतीतल्या आमच्या मोहल्ल्यात घरोघर पेढे वाटले. माय मात्र चुलीपाशीच बसून राहिली. "इकडे काय दवाखाने नाईत? तिकडे तूच आजारी पडली तं कोन पाहीन तुले?" एवढं बोलून तिनं भाकर थापायला घेतली. तिला मी जायला नको होते, हे तिनं कधी लपवलंच नाही.

मग अकोल्याहून मामा आले. चोरांच्या बाबतीत आमच्या नात्यागोत्यात मामांचा शब्द शेवटचा, कारण त्यांचा खिसा भुसावळला कापला गेला होता, नागपूरला कापला गेला होता आणि बाळापूरच्या बाजारातही कापला गेला होता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात ना! मामा बाजेवर मांडी घालून सांगू लागले, "कोनी अंगावर चहा सांडवला, का समज, दुसरा मांगून खिशात हात घालून राहिला. तिकडचे चोर तं कोट-टाय घालून येतात. माफी मागतात अन् पाकीट नेतात."

माय हे सगळं ऐकत होती. बाबांनी माझ्यासाठी जुना लोकरी कोट आणला होता. तो तिनं उलटा केला, अस्तरात चोरखिसा शिवला, वर बटण लावलं. पासपोर्ट, बोटीचं तिकीट आणि पैसे फडक्यात बांधून आत घातले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गाडीत बसेपरेंत हे पुडकं कोनंबी काढून दाखवलं, तं पोट्टी जानार नाई. घरच्यांपासून जिले सांभाळता येत नाई, ते लंडनात काय सांभाळीन?"

"मंजूर!" बाबा हसत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. जायचं मला, आणि मंजुरी देणार हे! बरं, बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. एकदा दिला की तो त्यांनाही मागे घेता येत नसे.

वैशाखातल्या अमरावतीत लोकरी कोट घालून बघा एकदा, मग माझ्याशी बोला. अंघोळीपुरती सूट होती, बाकी जेवताना कोट, झोपताना कोट. घामोळ्यांनी पाठ भरली. रस्त्यानं निघाले की बायका विचारायच्या, "काहून वो, पोरीले हिवताप आला का?" शेजारची खाला रोज सरबताचा पेला घेऊन यायची. एकदा मधेच "या अल्ला, चक्कर!" म्हणून ती माझ्या अंगावर कोसळली. मी घाबरून सावरायला गेले, तर बाईचा हात थेट अस्तरात! मनगट धरलं तशी जमिनीवर लोळून हसायला लागली. "बेटी, पास हो गई तू!"

निरोप घ्यायला मायबरोबर अकोल्याला गेले, तेव्हा मामांनी खरा डाव टाकला. "भाचीले बांगड्या भरतो" म्हणून मला बाजारात नेलं. कासारानं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बांगडी मुठीवर चढवायला लागला. कळ मस्तकात गेली. तेवढ्यात कोटाच्या आत काहीतरी वळवळलं. दोन्ही हात अडकलेले, मग करणार काय? मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "चोर! चोर!"

बाजार धावून आला. कुणी मामांची कॉलर धरली, कुणी टोपी उडवली. "अरे, मी मामा हाओ तिचा!" मामा कळवळून सांगत होते.

"हाव, पकडल्यावर सारेच नातं सांगतात!" भाजीवाली म्हणाली आणि तिनं मुळ्याची जुडी त्यांच्या पाठीत घातली.

मी सोडवेपर्यंत मामांना चांगलाच प्रसाद मिळाला होता. घरी येऊन पाठ चोळत ते मायला म्हणाले, "बाई, जाऊ दे हिले. इंग्रजायचंच काही खरं नाई."

माय हसली नाही. त्या आठवड्यात तिनं एकदाही प्रयत्न केला नव्हता. मला वाटलं, विसरली.

जायच्या दिवशी सगळे टांग्यानं बडनेऱ्याला आले. गाडी फलाटाला लागली. मी बाबांच्या पाया पडले, खालाच्या गळ्यात पडले. मग मायनं मला जवळ घेतलं, घट्ट. मला हुंदका आवरेना. आणि त्या हुंदक्यातच मला तिची बोटं कळली. कोटाच्या आत गेली होती. बटण निघालं. पुडकं तिच्या मुठीत आलं.

माझे दोन्ही हात मोकळे होते. मनगट धरता आलं असतं, ओरडता आलं असतं. नाही ओरडले. तिनं ते बाहेर ओढलं असतं तर बाबांच्या शब्दाखातर मी त्याच टांग्यानं घरी परतले असते. आणि खरं सांगते, त्या घडीला मला तेच हवं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले. तिलाही कळलं होतं, मला कळलंय ते. गार्डानं शिट्टी दिली तरी तिची मूठ तशीच होती.

मग मूठ सुटली. तिनं पुडकं आत नीट बसवलं, चाचपून बटण लावलं, कोट खाली ओढून सारखा केला आणि सगळ्यांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "लय पक्की हाये पोट्टी. मले बी नाई जमलं."