एका हाताने उघडणारा डबा

आबा गेल्यापासून घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगतो, की माणूस फार शांत होता, सोशीक होता. मी ऐकून घेते आणि चहाचा कप पुढे करते. पण आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. माझे सासरे शांत नव्हते, आणि सोशीक तर मुळीच नव्हते. शेवटची दीड वर्षं त्यांनी रोज सकाळी माझ्याशी भांडण केलं, तेही एका विषयावर. गार्गीच्या डब्यात काय द्यायचं? गार्गी म्हणजे माझी मुलगी, आता ज्युनिअर केजीत जाते, साडेचार वर्षांची आहे. एक बाई परवा म्हणाल्या, "सुटले बिचारे." मी म्हटलं, "बिचारे ते कधीच नव्हते हो." बाईंना राग आला असेल. येऊ दे.

ती गुरुवारची सकाळ होती. सुरतेत भेस्तानच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आबांची प्लॅस्टिकची खुर्ची असते. गार्गीचा डबा भरून झाला की चहा घेऊन ते तिथे बसायचे आणि शाळेची व्हॅन वळणावर दिसली की घरभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "गारगी, गाडी उनी!" म्हणजे गाडी आली. त्या दिवशी व्हॅनवाल्याने एकदा हॉर्न दिला, दोनदा दिला... हाक काही आली नाही. मी बँकेत जायच्या तयारीत, केसांत कंगवा अडकलेला, चिडूनच बाहेर आले. चहा अर्धा संपलेला होता. आबा खुर्चीत नीट बसलेले होते, मान जराशी कललेली. मी खाली व्हॅनवाल्याला हात केला, आज गार्गी येणार नाही म्हणून. पुढचं सगळं नीलेशने, माझ्या नवऱ्याने केलं. मला फक्त कंगवा आठवतो, तो दुपारपर्यंत तसाच होता.

आबा खानदेशातल्या पारोळ्याजवळच्या खेड्यातून सुरतेला आले तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. बमरोलीतल्या एका खोलीत सात जण राहायचे. स्वयंपाकाची पाळी लागायची, म्हणून सातही जणांना भाकरी यायची. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कापडाच्या लूमवर काढली. बारा तासांची पाळी, एकेका माणसाकडे आठ-दहा मशीन. तार, म्हणजे धागा, कधी तुटेल याचा नेम नाही आणि तुटली की लगेच जोडायची, नाहीतर कापडात खोट राहते. त्यामुळे जेवायला बसणं हा प्रकारच नव्हता. उभ्याने, एक हात मशीनपाशी आणि एक हात डब्यात. तेव्हापासून डब्याबद्दल त्यांचे ठाम नियम होते. डबा एका हाताने उघडला पाहिजे. आतलं अन्न एका हाताने खाता आलं पाहिजे. सांडता कामा नये, आणि उशीर झाला तरी कडक होता कामा नये. मी लग्न करून आले तेव्हा सासूबाई नव्हत्या आणि हे नियम नीलेशला तोंडपाठ होते. मी सांगलीची, प्राध्यापकाच्या घरातली. मला ते ऐकायला गमतीचे वाटायचे, इतकंच.

गार्गीला नर्सरीत घातलं तेव्हा शाळेने एक छापील यादी दिली. सोमवारी इडली, मंगळवारी पास्ता, बुधवारी पराठा, गुरुवारी फळं, शुक्रवारी कोरडा खाऊ. मी ती फ्रीजवर चिकटवली आणि अगदी मनापासून कामाला लागले. चारही बाजूंना खटके असलेला जांभळा डबा आणला, झाकणावर ससा. रविवारी दुपारी मोबाइलवर बघून आठवड्याचं ठरवायचं, इडलीला बीट घालून गुलाबी करायचं, काकडीला फुलाचा आकार द्यायचा. आबा बघायचे, मिशीत हसायचे. आणि डबा रोज भरलेला परत यायचा. रोज! इडली तशीच, फूल तसंच. डायरीत टीचरची ओळ, "डबा खात नाही, घरी सवय लावा." तीन आठवडे मी मीठ कमी केलं, साखर वाढवली, चीज घातलं, तिला रागावले, एकदा तर हातही उगारला. पोरगी घरी आली की अधाशासारखी जेवायची, आणि मी म्हणायचे, शाळेत नखरे करतेस काय?

शेवटी एका शनिवारी आबांनी तिला जमिनीवर बसवलं, तोच जांभळा डबा भरून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "खाय." मला मध्ये बोलू दिलं नाही. गार्गीने अंगठ्याने एक खटका दाबला. मग दुसऱ्या हाताने दाबला. खटका हलला नाही. मग तिने डबा नीट बाजूला ठेवला आणि हाताची घडी घालून बसून राहिली... रडली नाही, हाक मारली नाही. तीन वर्षांची मुलगी तीन आठवड्यांत एवढं शिकली होती, की डबा उघडत नसेल तर घडी घालून बसायचं. टीचरला काय म्हणायचं हे तिला गुजरातीत येत नव्हतं आणि इंग्रजीत तर नव्हतंच. मी आजही ते आठवलं की स्वतःला माफ करत नाही. आबा एवढंच म्हणाले, "अन्न बरोबर शे, माय. झाकण बरोबर नही."

आता कुणालाही वाटेल, की मी त्यांचे पाय धरले असतील. मी उलट त्यांच्यावर डाफरले. चूक पकडली गेली की मी अशीच वागते. म्हटलं, मी सैल खटक्यांचा डबा आणते, तुम्ही लक्ष घालू नका. पण सोमवारी पहाटे उठून बघते तर ओट्यावर त्यांची परात. दुधात गूळ विरघळवून त्यात कणीक मळलेली. दशम्या. खानदेशात गावाला निघणाऱ्या माणसाबरोबर देतात त्या, दोन-तीन दिवस मऊ राहणाऱ्या. त्यांनी त्या गार्गीच्या तळहाताएवढ्या लाटल्या होत्या, खरोखर तिचा झोपेतला हात धरून मापाला लावला होता. तूप लावून दुमडल्या आणि त्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, ज्याचं झाकण वापरून वापरून इतकं सैल झालं होतं की फुंकरीने उडावं. म्हणून तो डबा साडीच्या तुकड्यात बांधलेला. आता सुरतेचं कापड म्हणजे पॉलिस्टर, त्यावर गाठ टिकत नाही. साधी सुरगाठ बांधली तर दप्तरातच सुटते आणि निरगाठ मारली तर मोठ्या माणसाच्या नखांनाही दाद देत नाही. आबांची गाठ तिसरीच होती. लूमवर हात चालवून चालवून आलेली. हवी तेवढी हलवा, सुटायची नाही, पण एक टोक ओढलं की सर्रकन मोकळी. सुटली की तोच तुकडा मांडीवर पसरायचा. त्या दिवशी डबा रिकामा आला. तुकड्यावर एक कणसुद्धा नव्हता.

तिथून आमचं भांडण सुरू झालं. मला गाजर हवं, पालक हवा, फळ हवं. ते म्हणत, दे पण वाटीत दे, दशमी काढायची नाही. मी एक दशमी काढून पराठा ठेवला, की ते माझी पाठ वळताच पराठा काढत. एकदा उशीर झालेला होता, मी फार वाईट बोलले. म्हटलं, "माझ्या मुलीला तुम्ही कामगाराचा डबा देताय." ते गाठ बांधत होते, हात थांबलासुद्धा नाही. "डबा कामगारनाच ऱ्हास, माय. तीबी कामलेच जास नं." डबा कामगाराचाच असतो, आणि तीही कामालाच जाते ना. खरं सांगायचं तर मला पालकाची काळजी नव्हतीच. व्हॅनपाशी उभ्या असलेल्या बाकीच्या आयांची मला लाज वाटत होती. त्यांच्या पोरांच्या हातांत रंगीत डबे, आणि माझ्या पोरीच्या दप्तरात गाठोडं.

शाळेलाही ते गाठोडं खुपलंच. मुख्य बाईंचा फोन आला, "मॅडम, आ पोटली नथी चालती. लिस्ट प्रमाणे मोकलो." गाठोडं चालणार नाही, यादीप्रमाणे पाठवा. मी हो म्हणून टाकलं. घरी सांगितलं तर आबांनी पांढरा शर्ट काढला, इस्त्री केली आणि म्हणाले, मी येतो. शाळेच्या ऑफिसात त्यांनी टेबलावर दोन डबे ठेवले, एक जांभळा, एक बांधलेला. आणि बाईंना अगदी नम्रपणे म्हणाले, "बेन, एक हाथे खोली आपो ने." एका हाताने उघडून द्या ना. बाईंनी हसत जांभळ्या डब्याला अंगठा लावला. खटका हलला नाही, नखाचा रंग तेवढा निघाला. दुसरा हात पुढे आला तसे आबा म्हणाले, दुसऱ्या हाताने पोरीने डबा धरलाय, तो मिळणार नाही. मग त्यांनी स्वतःच्या गाठीचं टोक ओढून दाखवलं. बाईंनी समोरच्या यादीवर बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पण अंकल, दशमी तो लिस्टमां नथी."

"तो लखी लो ने, बेन!" यादीत नाही, तर लिहून घ्या. मी खाली मान घालून बसले होते ती हसू दाबायला.

बाईंनी लिहून वगैरे काही घेतलं नाही, पण पुन्हा फोन केला नाही. सहामाहीच्या प्रगतिपत्रकावर मात्र दोन ओळी आल्या. घरचे सूचनांचं पालन करतात, नाही. डबा संपवते, हो. आबांनी फ्रीजवरची यादी काढली आणि त्या जागी ते प्रगतिपत्रक लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, मुलाच्या पदवीचंही इतकं कौतुक त्यांनी केलं नसेल. मीही मग लाज सोडली. पालकावरून भांडत राहिले ते भांडणाची गोडी लागली होती म्हणून.

त्या गुरुवारी संध्याकाळी आबांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, गावाहून आल्या. घरात पाऊल टाकताच त्यांनी व्यवस्था हातात घेतली. चूल पेटवायची नाही, शेजारून येईल ते खायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओटा आवरायला गेल्या आणि कोपऱ्यात त्यांना डबा सापडला. बांधलेला. आबांनी जायच्या आधी भरलेला, गार्गीच्या गुरुवारचा. गडबडीत आमच्यापैकी कुणालाच तो दिसला नव्हता. आत्याबाई म्हणाल्या, "घरमा रांधेल समदं फेकी द्या." मयताच्या घरातलं शिजलेलं ठेवत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण मी तो डबा त्यांच्या हातातून घेतला, अक्षरशः ओढून घेतला, आणि म्हटलं, "हे फेकायचं नाही." नीलेश म्हणाला, असाच कपाटात ठेवू, गाठ न सोडता. मला तेही नको होतं आणि सोडायचीही नव्हती. मला ती गाठ नीट बघायची होती. दीड वर्ष रोज समोर बांधली जात होती आणि मी एकदाही बघितली नव्हती, मला वाटायचं ती रोज असणारच आहे. मी मोबाइल काढला, वरून फोटो घेतला, बाजूने वाकून बघायला लागले. घरात बायका बसलेल्या, कुणी डोळे पुसतंय, आत्याबाई माझ्याकडे रागाने बघताहेत...

गार्गीने आदल्या दिवसापासून शेजारच्या खिचडीला तोंड लावलं नव्हतं. ती कधी आली कळलंच नाही. तिने डबा बघितला, टोक ओढलं आणि गाठ सुटली. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत ती त्या बायकांच्या मधोमध मांडी घालून बसली होती, तुकडा पसरला होता आणि पहिली दशमी अर्धी संपली होती. दशमी मऊच होती. मी आत्याबाईंकडे बघितलं, म्हणजे भांडायच्या तयारीनेच बघितलं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "तिले पानी दे." गार्गीने चारही दशम्या खाल्ल्या, आणि मी तिसऱ्या दिवशी सकाळी गॅस पेटवला. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

याला आता पाच आठवडे झाले. दशम्या मला जमतात, जरा वाकड्या होतात. गाठ जमत नव्हती. फोटोवरून काही कळत नाही, आबांच्या बमरोलीच्या मित्राने दाखवली ती वेगळीच निघाली. गार्गी पुन्हा शाळेत गेली त्या पहिल्याच दिवशी माझी गाठ व्हॅनमध्ये सुटली, दुसऱ्या दिवशी सुटलीच नाही आणि डबा भरलेला परत आला. पण या वेळी गार्गी हाताची घडी घालून बसली नव्हती. तिने टीचरला जाऊन गुजरातीत सांगितलं होतं, "मम्मीने बांधतां नथी आवडतुं." मम्मीला बांधता येत नाही. टीचरने मला डायरीत तसं लिहून कळवलं, मी ते वाचून रडले आणि मग खूप हसले.

कुणी कुणी सुचवतात, आता एखादा चांगला डबा घे ना, सोप्या झाकणाचे मिळतात. मिळतात, मी बघितले आहेत, नाही घेणार. आता रोज सकाळी मी गाठ बांधते आणि गार्गी तपासते. एक हात पाठीमागे, एका हाताने टोक धरून एकदाच ओढायचं. नाही सुटली तर पुन्हा. आज पहिल्याच ओढीला सर्रकन सुटली, डबा मोकळा झाला. मी बघतच राहिले. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला, आणि गार्गी गॅलरीकडे तोंड करून घरभर ऐकू जाईल अशी ओरडली, "गाडी उनी!" मग तिने कापडाची चारही टोकं गोळा करून माझ्या हातात दिली.

"आता परत बांध."

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. म्हटलं, वाजू दे.