गुलाबी भिंतीचा शिष्य

मुलाने परदेशातल्या आपल्या मरीन परेडच्या कॉन्डोची, म्हणजे फ्लॅटची, अंतर्गत सजावट ज्या तरुणावर सोपवली होती, त्याचे नाव मी कधी विचारले नाही. तो मूळचा पुण्याचा. मेक्सिकोतील एका आधुनिक वास्तुकाराचा आपण शिष्य आहोत, असे तो सांगे. मेक्सिको मात्र त्याने टॅबलेटवरच पाहिले होते. बोलताना तो तळहात हवेत असा फिरवी, जणू कुंचल्यावाचूनच भिंती रंगवीत आहे. विणलेल्या बैठकीची एक बुटकी खुर्ची त्याने आणली होती. "त्यांनी खेड्यातली खुर्ची दिवाणखान्यात आणली, आजोबा," तो भारावून म्हणाला. स्वतः मात्र तीवर एकदाही टेकला नाही. मी बसलो, तेव्हा मला उठवायला सून धावली.

मग त्याने पूर्वेची भिंत दाखवली. "ही गुलाबी आणि पूर्ण मोकळी हवी. देव्हारा स्टोअररूममध्ये शिफ्ट करू."

माझी नित्यपूजा त्याच भिंतीपाशी होते.

मी त्याला टॅबलेटवरचे त्या वास्तुकाराच्या घराचे छायाचित्र मोठे करायला सांगितले. तशाच मोकळ्या भिंतीपाशी लाकडी क्रूस होता आणि पुढे मेणबत्ती.

"हे काय?"

"ते स्टायलिंग असतं, आजोबा. फोटोत शोभेसाठी मांडलेलं."

ज्याच्या भिंतींची हा आरती ओवाळीत होता, तो माणूस तिथे प्रार्थनेला बसत असेल, अशी शंकाही याला शिवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवा आराखडा आला. देव्हारा जागच्या जागी होता. त्याच्याकडे बाण काढून लिहिले होते, स्टायलिंग.